पाचवा गज

खोटं वाटलं तर खुशाल खोटं म्हणा. पण ती गाडी आजही तिथेच उभी आहे, आणि एलिसेओ आर्चुलेटा माझा सख्खा शेजारी आहे. मधे फक्त पाण्याचा पाट.

कोलोरॅडोच्या खाली, एस्पान्योला शहराच्या वर, डोंगरात आमचं गाव. दोन हजार चौदाचा गुड फ्रायडे.

दुपारचे तीन.

भूत रात्रीच येतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे नीट ऐका. हे भर उन्हात घडलं.

अख्खं गाव चिमायोच्या देवळाकडे पायी गेलेलं. आमच्याकडे त्या दिवशी कोणी लोखंडाला हातोडा लावत नाही. देवाला खिळे ठोकले तो दिवस. एलिसेओलाही हे ठाऊक होतं. पण पुढच्या शनिवारी पुतणीचं लग्न, आणि गाडीला अजून तोंडच नव्हतं.

गाडी म्हणजे त्याच्या बापाचा त्रेपन्न सालचा पिकअप.

त्याच्या सव्वीस वर्षं आधी हीच गाडी घेऊन दोघे भाऊ वळणावरच्या खडकावर आदळले. धाकटा नेस्टर जागीच गेला. थोरल्या एलिसेओला ओरखडासुद्धा नाही. नेस्टर पिऊन चालवत होता, असं एलिसेओने पोलिसांना सांगितलं. आईला सांगितलं. गावाला सांगितलं.

नेस्टरची बायको वर्षभरात निघून गेली. दीड वर्षाची मारिसेला मागे राहिली. तिला एलिसेओने वाढवलं, हे मात्र कबूल करायला हवं. त्याने लग्न केलं नाही. त्या पोरीशिवाय त्याला जगात कोणी नाही.

तिनेच हट्ट धरला होता. "काका, देवळात जाईन तर बाबांच्या गाडीतून. दारुडा असला तरी बाप होता माझा."

तर त्या दुपारी एलिसेओ समोरची जाळी करत होता. जुनीचा चुराडा झालेला, आणि तसली आता मिळते कुठे? पुठ्ठ्याचा साचा कापून त्याने चौकट जुळवली. पाच आडवे गज बसवायचे होते.

चार बसले. पाचव्याला लोखंड संपलं.

दुकानं बंद. तो शेडच्या मागे गेला.

तिथे नेस्टरचा क्रूस भिंतीला टेकून उभा होता. रस्त्यावर अपघातात कोणी गेलं की त्या जागी आम्ही क्रूस उभा करतो. हा एलिसेओनेच वेल्ड केलेला. रस्ता रुंद झाला तेव्हा उपटून आणलेला. उभी दांडी नेमकी हव्या त्या जाडीची.

"लोखंड ते लोखंड," तो स्वतःशीच पुटपुटला.

त्याने क्रूसाचे हात कापून टाकले. दांडी जाळीत बसवली. वेल्डिंगचे टाके मारले, ग्राइंडर फिरवला. जाळी गाडीला लावली आणि हात धुवायला वळला.

मागून आवाज आला…

टिक… टिक… टिक… टिक… टिक…

एलिसेओच्या हातातला साबण गळून पडला.

नेस्टरला एक खोड होती. गाडीत बसण्याआधी तो किल्ल्यांचा जुडगा जाळीवरून वरून खाली फिरवायचा. प्रत्येक वेळी. बाप चिडायचा, "अरे गाढवा, गिटार आहे का ती?"

एलिसेओने वळून पाहिलं.

कोणी नव्हतं.

शनिवारी सकाळी तो शेडमध्ये गेला, तर जाळी आत दबलेली. पाचही गज. फक्त उजव्या बाजूला. शेडला कुलूप होतं, गाडी इंचभर हलली नव्हती.

त्याने गज ठोकून सरळ केले.

रविवारी पुन्हा तेच. तीच जागा.

आता मात्र त्याची पाचावर धारण बसली. त्याने पाचवा गज कापून काढला आणि क्रूसाच्या तुकड्यांशेजारी नेऊन ठेवला. हात जोडले. "झालं ना? घे तुझं. आता सोड मला."

तीन वाजले.

टिक… टिक… टिक… टिक…

टिक…

जाळीत चारच गज होते.

सोमवारी मारिसेला पोसोलेचा, म्हणजे मक्याच्या रश्श्याचा, डबा घेऊन आली. जाळीकडे पाहून हसायलाच लागली.

"काय हो काका, बैल धडकला की काय? कालपर्यंत मिरवत होतात ना, माझ्या हातासारखा हात नाही म्हणून!"

एलिसेओने पाहिलं. पाच गज होते. पाचवा आपल्या जागी, पण त्याला टाका एकही नव्हता. आणि सगळे उजवीकडे दबलेले.

"करतो सरळ. तू जा, तुझी कामं असतील."

ती गेली नाही. दबलेल्या जागेवरून बोट फिरवत उजव्या दारापाशी आली. दारावर टकटक केलं. मग पलीकडे जाऊन डाव्या दारावर, आणि परत उजवीकडे आली.

"काका… हे उजवं दार नवीन बसवलंय ना?"

"जुनं गंजलं होतं."

"डाव्याचा रंग मी स्वतः खरवडला. खाली आजोबांचाच हिरवा निघाला. पोचा नाही एक." ती थांबली. "स्टिअरिंग डावीकडे. बाबा चालवत होते. म्हणजे तुम्ही इथे बसला होतात. उजवीकडे."

एलिसेओ हातोडा शोधू लागला.

"ही सगळी बाजू चेचली होती, काका. इथे बसलेला माणूस वाचेल कसा?"

ती त्याच्याकडे वळली.

"तुम्हाला ओरखडासुद्धा नव्हता."

"पोरी, ऐक तरी…"

"पोलिसांना यायला पाऊण तास लागला होता ना? तुम्हीच सांगितलंत. पाऊण तासात तुम्ही त्यांना ओढून तिकडे बसवलंत?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"आजी मरेपर्यंत माझ्या बापाला शिव्या घालत होती," मारिसेला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि त्याचंच त्याला जास्त लागलं. "शाळेत मला दारुड्याची म्हणायचे. मी रडत घरी यायचे आणि तुम्ही माझे डोळे पुसायचात. लाज नाही वाटली?"

डबा तिथेच टाकून ती निघून गेली.

लग्न कोलोरॅडोत झालं. काकाला बोलावणं नव्हतं. एलिसेओ पोलिसांत जाऊन खरं सांगून आला. त्यांनी लिहून घेतलं आणि घरी पाठवलं. इतक्या जुन्या गोष्टीचं आता कोण काय करणार? शिक्षासुद्धा त्याच्या वाट्याला आली नाही.

जाळी पुन्हा दबली नाही.

पण रोज दुपारी तीनला एलिसेओ शेड उघडतो आणि गाडीत जाऊन बसतो. उजवीकडे. जिथे बसलो होतो म्हणून सव्वीस वर्षं सांगत आला, तिथे.

एकदा मी पाट ओलांडून पाहायला गेलो. चेष्टाच करणार होतो.

जाळीजवळ आवाज झाला. मी मोजले. पाच.

मग डावं दार उघडलं… आणि आपोआप लागलं.

आत एलिसेओ एकटाच होता. समोर बघत बसलेला.

"नेस्टर अजून गाडी चालू करत नाही," तो मला म्हणाला. "पण एक दिवस करेल. त्या दिवशी मारिसेलाला एवढं कळव. म्हणावं, या वेळी तुझा काका खरंच उजवीकडे बसला होता."

मी हो म्हटलं. तेव्हापासून तीन वाजता मी घराची खिडकी लावून घेतो.