चंद्रमतीचा एक हात

चंद्रमती पहाटे सडा टाकायला बाहेर आली, तेव्हा दारापुढच्या ओट्याखाली कुणी ओणवं बसलंय हे तिला दिसलंच नाही. शेणपाण्याचा पहिलाच सपकारा गेला तो थेट एका टोपीवाल्या डोक्यावर...

“अहो, इथे माणूस आहे!”

“कोण तें? आणि आमच्या पायरीस काय करतां?”

“मोजतोय,” म्हणत तो निथळत्या तोंडानं हसला. मेला हसला कसला, तिचा सगळा राग घेऊन गेला!

हा दिनकर उपळेकर. मुंबईत इमारती बांधायचं शिकत होता. मराठ्यांचं राज्य जाऊन साहेबाचा अंमल आला तरी तंजावरची मराठी घरं होती तिथंच होती. ती कागदावर उतरवायला सहा महिने आला होता. चंद्रमतीचे अप्पा, कलेक्टर कचेरीतले वेंकटराव, यांनी त्याला माडीवरची खोली देऊ केली होती. पहाटेच्या गाडीनं उतरला, दार बंद दिसलं, आणि नुसतं बसवेना म्हणून पायरी मोजायला घेतली, इतकंच.

रुळायला वेळ लागला बिचाऱ्याला. इथल्या रीतीनं पेला ओठाला न लावता पाणी प्यायचं, तर रोज सदरा भिजायचा. तमिळ बोलायला लागला की भाजीवाल्या तोंडाला पदर लावायच्या.

“तुम्ही पोथीसारखं बोलता हो,” एकदा तो चंद्रमतीला म्हणाला.

“आणि तुम्ही भांडल्यासारखें!”

इथला पाऊस कार्तिकातला; तो चौकात झिमझिमत असायचा. मोजायच्या फितीचं एक टोक धरून तो एका खांबाशी, दुसरं धरून ती दुसऱ्याशी, आणि झोपाळ्यावरून दोघांवर आईचा डोळा. फीत ताणली की त्याच्या बोटांची थरथर तिच्यापर्यंत यायची... की तिचीच त्याच्यापर्यंत जायची, देव जाणे. फीत सोडावीशी वाटत नसे, हे मात्र खरं.

सगळं घर झालं, राहिलं स्वयंपाकघर. तिथं सोवळं. परका पुरुष उंबऱ्याबाहेर, आणि चामड्याच्या डबीतली ती फीतही आत चालायची नाही. मग चंद्रमतीनंच आत जाऊन हातानं मोजलं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, फूलवाली गजरा मोजते तसं.

दोन दिवसांनी तो नकाशा घेऊन आला, तोंड एवढंसं करून.

“तुमचं स्वयंपाकघर विहिरीत जातंय.”

“म्हणजे आईनें आजवर विहिरींत भात शिजवला वाटतें!”

“मी हात अठरा इंचांचा धरला. पुस्तकात तसाच आहे.”

“पुस्तकास काय कळतें? लांब हाताच्या फूलवालीकडे जास्त फुलें मिळतात, हें इथें पोरासोरांस ठाऊक.”

“मग... तुमचा हात केवढा?”

प्रश्न तसा साधाच होता. चंद्रमतीनं आतून हळद आणली, खांबाला हात टेकवला आणि दोन खुणा केल्या, एक कोपराशी, एक बोटाशी. ती बाजूला झाली आणि तो मोजायला लागला. मोजतोय आपला मोजतोय!

“इतका वेळ?”

“नीट दिसत नाही...”

“उजेड आहे कीं.”

“उजेड आहे हो. पण शेजारी तुम्हीही आहात ना.”

त्या दिवशी तिनं सांबारात दोनदा मीठ घातलं.

दिवस भुर्रकन गेले. शुक्रवारी त्याची परतीची गाडी होती, आणि रविवारी कुंभकोणमची मंडळी चंद्रमतीला बघायला येणार होती. दिनकर मूग गिळून गेला, तर जन्मात क्षमा करणार नाही, असं ती मनातल्या मनात रोज घोकायची.

गुरुवारी सकाळी त्यानं अप्पांपुढे नकाशा उलगडला. चंद्रमती दाराआड उभी होती.

“स्वयंपाकघर अगदी बरोबर! आंत कोण गेलें?”

“चंद्रमतीबाईंनी मोजलं. त्यांच्या हातानं.”

“आणि तिचा हात केवढा, तें तुम्हांस कसें ठाऊक?”

अप्पांची नजर खांबाकडे गेली. हळदीच्या खुणा अजून तिथंच होत्या. रोज खांब पुसताना चंद्रमती तेवढी जागा सोडायची.

“मला यांच्याशी लग्न करायचंय,” दिनकर एका दमात म्हणाला.

“मुंबईस? तिथें हिच्या बोलण्यास सगळे हसतील.”

“हसू देत. मीही हसलो होतो. आता यांचं बोलणं कानावर पडलं नाही, तर मला दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही.”

चंद्रमती दाराआडून बाहेर आली.

“अप्पा, कुंभकोणमच्या मंडळींस येऊं नका म्हणावें.”

अप्पांनी कॉफी संपवली. सावकाश, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. दोघांचा जीव टांगणीला! आई झोपाळा थांबवून बघत राहिली. तेवढ्यात रस्त्यावरून फूलवालीची हाक आली.

“उपळेकर,” अप्पा म्हणाले, “शुभकार्यास घरांत फुलें लागतात. जा, घेऊन या.”

दिनकर पावसात तसाच बोडक्यानं धावला. दारातून त्याचा आवाज आला, “चार हात मोगरा द्या! चंद्रमतीच्या हातानं, सोळा इंचांचा हात!”

“अहो, वेड लागलें काय!” अप्पा ओट्यावर येऊन ओरडले. “फूलवालीचा हात लांब आहे. तिच्याच हातानें घ्या, जांवईबापू!”