रिकाम्या गोठ्यातली धार

वीज गेली की माणूस मेणबत्ती लावतो, शेगडीपाशी खुर्ची ओढतो आणि सरकारला शिव्या देतो. गाईला यातलं काहीच जमत नाही. तिची कास भरत राहते. सकाळी धार काढली नाही तर दुपारी ती हंबरायला लागते, संध्याकाळी कासेला हात लावू देत नाही, आणि आणखी एक दिवस गेला की कासेला दगडी होते, म्हणजे ती सुजून घट्ट होते. मग ती गाय कुणी विकत घेत नाही.

म्हणून त्या जानेवारीत बर्फाचा पाऊस सुरू झाला तेव्हा मला नळ फुटण्याची काळजी नव्हती, गाईंची होती. महिनाअखेर व्यापारी येऊन माझा सगळा गोठा घेऊन जाणार होता. बायको, थेरेझ, जाऊन दोन हिवाळे झाले होते. दोन हिवाळे मी एकट्यापुरतं वाटाण्याचं सूप गरम करत होतो आणि रेडिओशी भांडत होतो. त्या घरातल्या शांततेचा मला अगदी वीट आला होता. शेरब्रुक शहरात माझ्या मुलीनं, मिरेयनं, मागची खोली माझ्यासाठी रंगवून ठेवली होती. गाई धडधाकट विकल्या गेल्या की मी सुटणार होतो. एवढंच मला हवं होतं.

पाऊस पाण्याचाच पडायचा, पण जिथे टेकेल तिथे गोठायचा. तारा मनगटाएवढ्या जाड झाल्या. विजेचे लोखंडी मनोरे शेतात गुडघे टेकून बसले. मेपलच्या रानातून दिवसभर फांद्या मोडल्याचे आवाज येत, आणि प्रत्येक आवाजानंतर काचेचं कपाट कोसळल्यासारखा खळखळाट होई.

आमच्या राँगमध्ये, म्हणजे एका सरळ रस्त्याला धरून ओळीनं बसलेल्या आमच्या शेतांमध्ये, ट्रॅक्टरवर चालणारा जनरेटर एकट्या माझ्याकडे होता. तो घरोघर न्यायचा, एकेका गोठ्याचं धारेचं यंत्र चालवायचं आणि पुढे निघायचं, असं ठरलं. पाळ्या लावायला सगळे जिस्लेनच्या स्वयंपाकघरात जमले. जिस्लेन माझी शेजारीण. नवरा बर्फावर घसरून हात मोडून बसलेला, त्यामुळे गोठा तिच्या एकटीच्या अंगावर. पाळ्या लावून झाल्या आणि दाराजवळच्या बाकावरून आल्देजकाका उठले. टोपी हातात धरून म्हणाले, "आणि माझी कधी?"

सगळे आपापल्या कपात बघायला लागले. राँगच्या टोकाला राहणाऱ्या या म्हाताऱ्यानं सगळी जनावरं कधीच विकली होती. लिलावाला आम्ही सगळेच होतो. त्यातली ब्लाँश नावाची लाथाळ गाय मीच घेतली होती. माझ्याकडे चार वर्षं दूध देऊन, माझी तीन बोटं मोडून ती मेली.

"काका," जिस्लेन हळूच म्हणाली, "तुमच्याकडे आता गाई कुठायत?"

"आहेत की," काका म्हणाले. "तू बघायला कधी आलीस?"

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत नाही म्हणायची पद्धत नाही, आणि पाळी तर कुणालाच नाकारत नाहीत. जिस्लेन माझ्या कानाशी म्हणाली, "दे रे थोडा वेळ. एकटं माणूस, दिवा बघायचा असेल." मी दिला. मनातून चरफडत दिला, कारण तो वेळ माझ्या गाईंचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गोठे करून काकांकडे पोचलो. ट्रॅक्टर थांबवला आणि तसाच बसून राहिलो. गोठ्याच्या छपरावरून पाणी ठिबकत होतं.

जनावरं असलेला गोठा त्यांच्या अंगाच्या उबेनं गरम राहतो आणि छपरावरचं बर्फ वितळतं. रिकाम्या गोठ्यांची छपरं त्या आठवड्यात काचेसारखी गोठली होती, त्यांतलं एकही ठिबकत नव्हतं. मी मनात म्हटलं, म्हातारा आत शेकोटी करून बसलेला दिसतोय. पेंढ्यासकट जळून मरायचा.

आत शेकोटी नव्हती. दार उघडलं आणि माझा चष्मा धुकटला. ओला पेंढा, आंबट चारा, गाईंचे श्वास, असा भरल्या गोठ्याचा वास आला. चष्मा पुसून पाहिलं तर दावण मोकळी होती. प्रत्येक जागेवर ताजा पेंढा अंथरलेला, वर लाकडी पाट्यांवर गाईंची नावं, आणि आल्देजकाका चामडी एप्रन बांधून उभे.

"दारातच थांब, पोरा," ते म्हणाले. "परकं माणूस बघून बुजतात."

मी तार जोडली. यंत्र सुरू झालं. काका माझ्याकडे पाठ करून पहिल्या पाटीखाली उकिडवे बसले. यंत्राचे कप आचळांना लागले नाहीत तर ते हवा ओढतात, आणि तो सूंऽऽ आवाज मला झोपेतही कळतो. काकांनी कप वर धरले, क्षणभर तो आवाज आला आणि बंद झाला. मग नुसतं पक्-पक्, पक्-पक्. भरल्या कासेचा आवाज.

उजेड कमी होता. त्यांची पाठ मध्ये होती. मी स्वतःला हेच सांगितलं.

निघताना त्यांनी झाकणाची बरणी हातात दिली. "जिस्लेनच्या पोरींना दे." बरणी कोमट होती. ती मी पोरींना दिली नाही. वळणावर ट्रॅक्टर थांबवून रस्त्याकडेच्या बर्फावर ओतली. दूध होतं. वाफा काढत ते बर्फात खोल उतरलं.

पुढचे काही दिवस मी काकांची पाळी चुकवली नाही, पण दारातच उभा राहून रस्त्याकडे बघायचो. मला दिसलं नाही म्हणजे झालंच नाही, इतका साधा हिशेब होता माझा. पण जिस्लेनचा धीर सुटला. तिच्या एका गाईच्या कासेला गाठी आल्या होत्या.

"माझ्या गाईंना दगडी व्हायची आणि तू रिकाम्या गोठ्याला वीज पाजतोस?" ती ओरडली. "शेरब्रुकला निघालास ना, तुला काय पडलंय आमचं!"

"पडलं नसतं तर तुझ्या दारात गारठत उभा असतो का?"

"मग म्हाताऱ्याला शाळेत पोचव. तिथे गरम आहे, जेवण आहे. खोकला ऐकलास त्यांचा?"

ऐकला होता. दुपारी सैन्याची गाडी राँगमधल्या म्हाताऱ्यांना गावच्या शाळेत हलवायला आली. मी काकांच्या घरी गेलो तेव्हा ते पांघरुणात कुडकुडत होते, अंगात ताप होता, तरी जायला तयार नव्हते.

"धार कोण काढणार?"

"मी काढीन."

"सकाळ-संध्याकाळ?"

"सकाळ-संध्याकाळ. आता उठा, गाडी थांबलीय."

"मला काय सांगतोस? त्यांना सांग."

त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि मला गोठ्यात नेलं. मी मोकळ्या दावणीसमोर उभा राहून मोठ्यानं म्हणालो, "काका येईपर्यंत मी धार काढीन." लाज वाटली. म्हातारा गाडीत बसावा म्हणून बोललो, दुसरं काही नाही. गोठ्याच्या त्या टोकाला कुणीतरी लांब श्वास सोडला. काकांनी मान हलवली, एप्रन खुंटीला टांगला आणि गाडीत जाऊन बसले.

त्या संध्याकाळी गोठ्यातला तो प्रकार मी जिस्लेनला सांगितला आणि काकांची पाळी तिलाच दिली. दुसऱ्या सकाळीही दिली.

दुपारी हंबरणं सुरू झालं.

मी जिस्लेनच्या अंगणात लाकडं फोडत होतो. ती गोठ्यातून बाहेर आली. "तुझ्या का रे?"

"माझ्या नाहीत. तुझ्या?"

"माझ्या गप्प आहेत."

आम्ही दोघंही ऐकत राहिलो. एक नव्हती, बऱ्याच होत्या. कास फुटायला आलेली गाय जशी घशातून ओरडते, तसा आवाज होता. रस्त्याच्या टोकाकडून येत होता, आणि त्या बाजूला आल्देजकाकांशिवाय कुणाचं घर नाही.

"वारा असेल," मी म्हणालो.

मेपलच्या गोठलेल्या डहाळ्या जागच्या हलत नव्हत्या. जिस्लेन आत गेली आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी माझ्या गोठ्यात गेलो तर माझ्या सगळ्या गाई एकाच दिशेला माना वळवून उभ्या होत्या. यंत्र लावलं. एकीनंही पान्हा सोडला नाही. कास तट्ट फुगलेली आणि कपात थेंब नाही. मी पाठी चोळल्या, कोमट पाण्यानं कास पुसली, थेरेझ म्हणायची ते गाणंसुद्धा म्हटलं. त्या माझ्याकडे बघेनात. मला रडू फुटायचं बाकी होतं. असंच आणखी एक दिवस चाललं असतं तर व्यापाऱ्याला दाखवायला माझ्याकडे काहीच उरलं नसतं, आणि मी त्या घरात, त्या रेडिओसमोर, मरेपर्यंत बसलो असतो.

दारात जिस्लेन उभी होती. शाल डोक्यावरून घेतलेली.

"माझ्याही देत नाहीत," ती म्हणाली. माझ्या डोळ्यांकडे न बघता म्हणाली, "जा, आर्मां. तू बोलून बसलायस."

मी गेलो.

मी अंगणात पोचेपर्यंत आवाज चालूच होता. दाराच्या कडीला हात लावला तसा थांबला.

आत ऊब होती. छपरावरून पाणी ठिबकत होतं. कंदील खुंटीला अडकवला, खुंटीवरचा एप्रन बांधला, तार जोडली.

पहिल्या पाटीखाली बसलो. बघायचं नाही असं ठरवलं होतं. भिंतीकडे तोंड करून कप वर धरले.

कप ओढले गेले.

एकामागून एक, चारही. वजन हातात जाणवलं. मनगटाला काहीतरी लागलं, तापलेलं आणि दगडासारखं घट्ट.

पक्-पक्. पक्-पक्.

दुसरी. मग तिसरी.

तिसरीला कप लावले आणि लाथ बसली. कप उडून भिंतीवर आपटले.

"ब्लाँश, नीट उभी राहा!" मी खेकसलो.

खेकसल्यावर मला कळलं मी काय बोललो ते.

ती नीट उभी राहिली.

मी शेवटच्या पाटीपर्यंत धार काढली. घरी परतलो तर माझ्या गाई रवंथ करत बसल्या होत्या, आणि त्या रात्री त्यांनी भरभरून दूध दिलं.

वीज पुढच्या आठवड्यात आली. आल्देजकाका शाळेतून दवाखान्यात गेले आणि तिथेच वारले. शेवटी भेटलो तेव्हा त्यांना बोलवत नव्हतं. माझा हात ओढून त्यांनी तळवा हुंगला आणि समाधानानं डोळे मिटले. व्यापारी ठरल्याप्रमाणे आला. एकही गाय त्यानं नाकारली नाही. ट्रक गेल्यावर मी माझ्या रिकाम्या गोठ्यात उभा राहिलो आणि बराच वेळ वाट पाहिली. तिथे काहीच नव्हतं. छप्पर गार पडत चाललं होतं.

काका येईपर्यंत, असं मी म्हणालो होतो. काका येणार नव्हते.

राँगमध्ये याबद्दल कुणी बोलत नाही. जिस्लेन अधूनमधून काकांच्या गोठ्याच्या दाराशी गवताचा भारा ठेवून जाते. गवत संपतं. मी सकाळ-संध्याकाळ धार काढतो आणि दूध ओढ्यात सोडतो. मिरेय दर रविवारी फोन करते. "बाबा, खोलीचा रंग उडून जाईल आता. कधी येताय?"

"येतो गं. थोडं काम राहिलंय."

"गाई तर विकल्यात ना? आता कसलं काम?"

तिला काय सांगणार? पण आज सकाळी उठलो तेव्हा ठरवलं होतं, बस्स झालं. एवढी एक धार काढायची, गोठ्याला कुलूप लावायचं, ओरडल्या तर ओरडू देत. शेरब्रुकपर्यंत काही ऐकू येत नाही. बॅग भरून ट्रकमध्ये ठेवूनच गोठ्यात गेलो.

धार झाली. यंत्र धुतलं. एप्रन काढून खुंटीला टांगला आणि कुलूप शोधायला डावा हात खिशात घातला. उजवा हात नुसता लोंबत होता.

त्याला काहीतरी खालून लागलं. गार, ओलं नाक.

मग दोन बोटं तोंडात घेतली गेली. आत ऊब होती, दात टोचत नव्हते, खरखरीत छोटी जीभ होती. ते चोखायला लागलं, आणि काही येईना म्हणून माझ्या गुडघ्याला ढुशी दिली.

मी दुसरा हात खाली नेला. पाठ माझ्या मांडीपर्यंतही पोचत नव्हती. पाय लटपटत होते.

ते अजून ओलं होतं.