क्रूसापुढची इमारत

मी सांगतो त्यातलं निम्मं खोटं असतं, मालवणच्या बाजारात कोणालाही विचारा. हे उरलेल्या निम्म्यातलं.

मासेमारी करून परतताना आम्हांला गाव समुद्राकडून दिसतो. माडांची काळी किनार, मोबाइलचा मनोरा, नव्या लॉजांवरच्या टाक्या आणि चर्चचा क्रूस. क्रूस मागच्या डोंगराच्या खाचेत बसला की होडी सरळ आत घालायची. खडकांमधली वाट तेवढीच. चुकलात, तर तळ फाटला.

त्या सकाळी क्रूस दिसेना. त्याच्यापुढे इमारत उभी होती. उंच, सडपातळ, फिकट गुलाबी, माळ्यामाळ्याला गॅलरी.

"काय देखणी आसा रे, भाई!" माझा भागीदार प्लासिद म्हणाला.

"काल नाय होती. इमारत काय अळंबी, रातोरात उगवाक?"

"तुझ्या खिशावरच्या ठिगळापेक्षा बरी." माझ्या निळ्या शर्टावर बायकोने, नर्मदेने, हिरवं ठिगळ लावलं होतं, त्यावरून तो रोज चिडवायचा.

मी होडी खडकांना वळसा घालून लांबच्या वाटेने आणायला लावली. उतरलो तो तडक चर्चसमोर गेलो. तिथे केळी आणि बांधलेली म्हैस. इमारत नाही.

दुसऱ्या दिवशी पाण्यातून पाहतो, तर तिच्या शेजारी आणखी दोन. लहान-मोठ्या, आमच्या नजरेसाठीच रचल्यासारख्या. ऊन पडलं होतं, पण माडांवर त्यांची सावली नव्हती.

"तिचा टोक बरोब्बर खाचेत बसता," प्लासिद म्हणाला. "क्रूस कित्याक होयो?"

"म्हणानच संशय येता. आमच्या खाचेचो पत्तो तिका कोणी दिल्यान?"

तो नुसता हसला. पुढच्या खेपेला माझा गुडघा सुजला आणि प्लासिद एकटाच गेला.

होडी खडकांच्या आत मिळाली. ओरखडासुद्धा नाही. जाळं नीट घडी घातलेलं. प्लासिद नाही.

गावातल्या सुदेशच्या होडीतून मीही शोधायला गेलो. सुदेश पाण्यात बघत होता.

मी किनाऱ्याकडे बघितलं.

वरच्या गॅलरीत प्लासिदचा लाल चौकड्यांचा शर्ट वाळत होता.

धक्क्यावर त्याची बायको आपोलिना उभी होती.

"भाई, आज थाप नको. खंय आसा तो?"

मी दिसलं ते सांगितलं. ती रडली नाही.

"म्हणजे थंयच आसा. एकटोच?"

"दोरीर एकच शर्ट होतो गो."

दोन होते. दुसरा निळा.

मी खिशावर हात ठेवला. हिरवं ठिगळ ओलं लागलं.