हसण्याचं माप

लिफ्टचं दार उघडं होतं, आत एक माणूस पान्हा घेऊन उकिडवा बसला होता, आणि मी त्याला ओळखलं.

"अय्या, तुम्ही ते रागीट!" तोंडातून निघूनच गेलं.

त्याने वर बघितलं. "पहिल्याच भेटीत?"

मग मला सगळं सांगावंच लागलं. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरबाईंनी आत्ताच मला चाळीस चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते आणि थोड्या वेळाने त्यातले कुठले आठवतात ते विचारलं होतं. चिडलेले, रडवेले मी एकूण एक ओळखले. हसणारे मात्र... "हे नव्हतेच," मी छातीठोकपणे सांगितलं. होते! डॉक्टरबाई म्हणाल्या, नैराश्यात असं होतं. मन दुःखावरच खिळतं, तेच जपून ठेवतं, आणि आनंदाचं निसटून जातं.

"हसणाऱ्यांत पण मी होतो की," लिफ्टवाला म्हणाला. "त्यांना चेहरे कमी पडत होते, मला फोटोला उभं केलं. तासभर हसवलं हो! सगळं पाण्यात?"

मी हसले. कित्येक महिन्यांनी.

त्यानंतर तो आमच्या दुकानात यायला लागला. दुकान ताईचं, मी कपड्यांची मापं घेते, उंची कमी-जास्त करून देते. त्याच्या पँटी दर आठवड्याला आखूड व्हायला लागल्या.

"आता हाफपँट होईल हं," ताई म्हणाली. "काय ते एकदाचं बोलून टाका."

बोललो. तुम्हीचं तू झालं. माझी औषधंही चालू होती, मी बरी झोपत होते. मग एका संध्याकाळी, पुलावर, त्याने सहज विचारलं, "ह्या चार महिन्यांतलं तुला काय आठवतं?"

"तू एकदा आलाच नव्हतास. आणि आपण भांडलो होतो... इथेच."

"आणि?"

आणि काहीच आठवेना. त्याचा चेहरा उतरला.

"मी तुला लग्नाचं विचारणार होतो," तो हळूच म्हणाला. "पण तुझ्या मनात मी अजून तोच रागीट असेन, तर..."

हा माणूस मला हवा होता, आणि माझंच मन त्याला पुसून टाकत होतं! पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. "पुढच्या महिन्यात परत तीच परीक्षा आहे," मी म्हणाले. "तेव्हा खाली थांब."

माप मी कधी विसरत नाही. म्हणून वहीत त्याच्या कमरेच्या मापाखाली मी त्याच्या हसण्याचं माप लिहायला लागले. कधी हसला, कशावर, कसा. रोज, न चुकता.

परीक्षेत त्याचा हसरा फोटो आला. "हा आठवतो?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"आठवतो. पण हसू खोटं आहे. हा खरा हसतो ना, तेव्हा आधी डावा गाल हलतो, मग डोळे बारीक होतात... दात सगळ्यात शेवटी."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्याही हसल्या.

तो खाली लिफ्टपाशी उभा होता. "पास की नापास?"

"हसणारे निम्मे अजून हुकले," मी म्हणाले. "तू नाही हुकलास."

त्याचा डावा गाल हलला.

"हे लक्षात राहील?"

"वहीत लिहीन," मी म्हणाले. "पण आधी विचार तरी!"