चौथ्या ओळीतल्या करवंट्या

शिवोलीहून चोपड्याला जाणाऱ्या फेरीबोटीत मी त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याच्या पोत्यातून भाताचं बी सांडत होतं आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. सायकलच्या कॅरियरला पोतं बांधून हा गृहस्थ खुशाल पाण्याकडे बघत उभा. मी बराच वेळ पाहिलं आणि मग बोलले.

"तुमचां बी सांडता."

तो वळला. पोत्याकडे बघायचं सोडून माझ्याकडेच बघत राहिला. "कधीपासून?"

"बोट सुटल्यापासून."

"आणि तुमी आता सांगतात?"

"बघत होतंय... तुमका कधी कळता तां."

तो हसला. बोट धक्क्याला लागेपर्यंत आम्ही दोघं वाकून दाणे वेचत होतो, आणि लोक आमच्याकडे बघत होते. पोत्याचं भोक मी पदराच्या पिनेने बंद करून दिलं. तो मुळगावचा कृष्णनाथ परब, शेतकी खात्याचा नवा ग्रामसेवक. मी सुलोचना, मांद्र्याच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवणारी. साल बहात्तर, महिना मार्च. दिसायला बरा होता, एवढीच नोंद मी त्या दिवशी घेतली.

आठवड्याने तो तोंड पाडून शाळेत आला. पोत्यात होतं ते नवीन जातीचं बी. दुप्पट पीक देणारं, असं त्याला वरून सांगितलेलं. पण खाडीकाठच्या खाजन शेतात भरतीचं खारं पाणी मुरतं, आणि तिथे गावचे लोक पिढ्यान् पिढ्या खारं सोसणारं कोरगुट भातच पेरत आले होते. नवीन बियाला कोणी हात लावेना.

"तुमच्या पोरांच्या बापांक जरा समजावन सांगा," तो म्हणाला. "तुमी बाई. तुमचां ऐकतले."

"माका तरी खंय ठावक आसा, तुमचां बी खाऱ्या पाण्यात जगता काय मरता?"

"जगता."

"बघितलास?"

त्याने नकारार्थी मान हलवली. मला ते आवडलं. खोटं बोलणं सहज जमलं असतं त्याला.

दुसऱ्या दिवशी सातवीच्या एकतीस मुलांनी वीस करवंट्या आणल्या. मी फळ्यावर लिहिलं: प्रश्न, अंदाज, प्रयोग, निरीक्षण, निष्कर्ष. करवंट्या पाच-पाचच्या चार ओळींत मांडल्या. पहिल्या ओळीत कोरगुट आणि विहिरीचं पाणी, दुसरीत कोरगुट आणि खाडीचं पाणी. तिसरीत नवीन बी आणि विहिरीचं, चौथीत नवीन बी आणि खाडीचं. माती एकच, ऊन एकच, दाणे मोजून दहा.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची," मी मुलांना सांगितलं, "म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळतं. आणि दिसेल तेच लिहायचं. आवडेल ते नाही."

बारा दिवसांचा प्रयोग. तेराव्या दिवशी गावची बैठक होती, बियाचं तिथे ठरायचं होतं. म्हणून कृष्णनाथही दिवसाआड रोपं मोजायला येऊ लागला. तो फूटपट्टी धरायचा, मी आकडा सांगायचे, कमलाक्षी वहीत लिहायची. कमलाक्षी ही वर्गातली सगळ्यात चौकस मुलगी. तिच्या बापाची, सगुणची, सगळी जमीन खाजनात होती. आधी हो म्हणायचं ते तोच, आणि मग बाकीचे, असा गावचा रिवाज.

"दोन इंच," मी म्हणायचे.

"अडीच," तो म्हणायचा.

"पट्टी वाकडी धरल्यात."

"मग तुमीच धरा माझो हात सरळ..."

मुलं खाली बघून हसायची. मी हात धरला नाही, पट्टी धरली. तरी बोटं लागली, आणि पुढचे दोन आकडे मी चुकीचे सांगितले. कमलाक्षीने ते खोडले आणि बरोबर लिहिले.

पाचव्या दिवशी चौथी ओळ पिवळी पडली. दहातले तीन-चारच दाणे उगवले होते, त्यांचीही टोकं करपायला लागलेली. कृष्णनाथ उकिडवा बसून बघत होता.

"शंभर एकरांत हां बी पेरलां तर माका हंयच ठेवतले," तो अगदी सहज म्हणाला. "नाय तर काणकोण."

काणकोण म्हणजे गोव्याचं दुसरं टोक. मी मान हलवली आणि मुलांना गणितं घातली.

पहिल्या तीन ओळींना मुलं पाणी घालायची. चौथी मी माझ्याकडे घेतली. सहाव्या दिवशी सकाळी, शाळा भरायच्या आधी, मी त्या पाच करवंट्यांतली माती विहिरीच्या पाण्याने धुऊन काढली, आणि पुढे रोज विहिरीचंच पाणी घातलं. मला तो जायला नको होता. काय करतेय ते मला पुरतं ठाऊक होतं. तीन दिवस झोप नीट लागली नाही, पण सकाळी सातला मी विहिरीवर हजर असायचे.

बाराव्या दिवशी चौथी ओळ हिरवीगार. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कमलाक्षी निष्कर्षाच्या जागी लिहायला बसली. "पप्पांना सांगते, सगळ्या खाजनात हेच पेरा."

कृष्णनाथ मात्र उकिडवा बसला. त्याने चौथ्या ओळीतली चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली. मग दुसऱ्या ओळीतली ठेवली आणि थुंकली.

"ही माती गोडी आसा," तो म्हणाला. "ह्या ओळीक पाणी कोण घालता?"

एकतीस डोकी माझ्याकडे वळली. त्यानेही बघितलं. एवढा वेळ बघितलं की त्याला सगळं समजलं, आणि मलाही समजलं की त्याला समजलं.

"नाय नाय," तो घाईघाईने म्हणाला. "माझीच जीभ बरी नाय आज... घागरी बदलल्यो आसतल्यो."

दार उघडून दिलं होतं त्याने. मी गप्प राहिले असते तर तो मांद्र्यातच राहिला असता, आणि सगुणच्या घरी पुढचं वर्षभर भात नसता. कमलाक्षीची पेन्सिल कागदावर टेकलेली होती.

"लिहू नकोस," मी म्हटलं. "गोडं पाणी मी घातलं. सहाव्या दिवसापासून."

"कशाला, बाई?" तिने विचारलं. कारण कळेपर्यंत विचारत राहायचं, हे मीच शिकवलेलं.

"रोपं मेली असती तर ह्यांची बदली झाली असती."

"मग?"

वर्गात मी नेहमी पुस्तकी भाषेत बोलायचे. त्या दिवशी जमलं नाही.

"मग... माका तां नको होतां."

मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. कृष्णनाथ आपल्या चपलांकडे बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

मुलं गेल्यावर आम्ही विहिरीवर करवंट्या धुतल्या.

"तुमच्या प्रयोगात एक चूक आसा," तो शेवटी म्हणाला.

"एकच?"

"बदली झाली तर मी काय करतलंय, तां तुमी माका विचारूकच नाय."

"विचारतंय आता."

"काणकोणसून मांद्र्याक दोन फेरीबोटी आणि तीन बसी. आयतवारी पाटे पाच वाजता सुटलंय तर जेवणाच्या वेळेर पावतलंय. चार वाजता परत."

"एवढ्यासाठी येतलास?"

"दर आयतवारी." त्याने करवंटी पालथी घातली. "नाय तर... तुमीच थंय चला. बसचे पैसे वाचतले."

मी हसले नाही. हसले असते तर रडू आलं असतं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत त्याने स्वतःच सांगितलं की खाजनाचं अजून ठरवू नका, प्रयोग परत करतो आहोत. नवी चौथी ओळ कमलाक्षीने सांभाळली आणि मला तिच्याजवळ फिरकू दिलं नाही. बाराव्या दिवशी त्या ओळीत एकही हिरवं पान नव्हतं. कृष्णनाथने अहवालात तसंच लिहिलं: खाजनात कोरगुट, नवीन बी फक्त वरच्या गोड्या शेतांत. सगळं मिळून अठरा एकर भरलं.

मे महिन्यात त्याच्या बदलीचा हुकूम आला. काणकोणच्या शाळेसाठी माझा अर्ज त्याच्या आठ दिवस आधीच गेला होता. कारणाच्या जागी मी 'विवाह' असं लिहिलं होतं. त्याच्या आईने तोपर्यंत मला पाहिलंसुद्धा नव्हतं.