मतदानाच्या सकाळची घाण

"मावशी, लगेच ये. आणि येताना नाकाला बांधायला काहीतरी आण."

भाचीचा आवाज फोनवर चिरकत होता. मावशी पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झाली होती. तिनं चहा तसाच टाकला आणि निघाली.

नागरिक मंचाच्या कार्यालयाचा वास गल्लीच्या तोंडाशीच आला. आत गटारातला गाळ कुणीतरी खोलीभर फेकला होता. खुर्च्या, पंखा, भिंती, काही म्हणता काही सुटलं नव्हतं. टेबलावरची मतपेटी तर गाळानं ओसंडत होती. मावशीनं पदर नाकाला लावला.

मतदार यादीतून गायब झालेली नावं परत घालून घ्यायची, मतमोजणीच्या वेळी डोळ्यांत तेल घालून बसायचं, हे मंचाचं काम. आज मात्र मंचाची स्वतःची, अध्यक्ष निवडण्याची, पहिली निवडणूक होती. एकीकडे संस्थापक, ज्यांना सगळे 'सर' म्हणत. दुसरीकडे भाची. देशोदेशीच्या अशा मंचांना पाठबळ देणाऱ्या संस्थेच्या एक बाई मुद्दाम बघायला आल्या होत्या.

"सत्तेवरच्यांचं काम आहे हे!" सर दारात उभे राहून गरजत होते. "खिडकी फोडली, बाहेरून घाण फेकली. अशा वेळी निवडणूक कसली? सगळ्यांनी माझ्या पाठीशी उभं राहायचं!"

"आम्ही हे जगभर कळवू," पाहुण्या बाई रुमालाआडून म्हणाल्या.

मावशीनं सरांना बाजूला घेतलं.

"आधी कोण आलं?"

"मीच."

"कुलूप?"

"शाबूत होतं. म्हणूनच म्हणतोय, खिडकीतून फेकलं."

"आतलं काही हलवलंत?"

"छे. फक्त बायकोचा फोटो उतरवला. आमच्या पहिल्या मोर्चातला. पार बरबटला होता, म्हणून घरी नेऊन धुतला."

मावशी नाक दाबून आत गेली. भिंतीवर रिकामा खिळा होता. त्याखाली, फोटोच्या जागी, जुना रंग चौकोनात टिकून होता. त्यावरही बाकीच्या भिंतीसारखाच गाळ उडालेला होता. ती खिडकीपाशी वाकली. गाळावर काचा पसरल्या होत्या. तिनं एक तुकडा चिमटीत उचलला. वरून लख्ख.

ती बाहेर आली, तळहात पदराला पुसत. सभासद पायऱ्यांवर ताटकळत होते.

"खिडकीतून कुणी काही फेकलेलं नाही," ती म्हणाली. "तसं असतं तर काच आधी फुटली असती आणि गाळाखाली गेली असती. इथं काचा गाळाच्या वर आहेत, त्याही स्वच्छ. म्हणजे घाण आधी, काच नंतर. फेकणारा दारातून आला, किल्लीनं."

"किल्ली भाचीकडेही आहे तुमच्या," सर म्हणाले.

"आहे. पण फोटो तिनं नाही उतरवला. गाळ उडाला तेव्हा फोटो भिंतीवर असता, तर त्यामागची जागा कोरडी राहिली असती. तिथंही गाळ आहे. म्हणजे फोटो आधीच काढलेला होता. सर, तो बरबटलाच नव्हता. मग तुम्ही धुतलंत काय?"

सरांचा चेहरा उतरला.

"तिच्या अंगावर कशी उडवू ही घाण?" ते पुटपुटले. "मंच मी उभा केला. ही पोरं भलत्याच्या हातात देतील तो. मी हरणार होतो, दिसत होतं मला."

"बायकोला तेवढं वाचवलंत," मावशी म्हणाली. "बाकी सगळ्यांच्या तोंडावर फेकलीत." तिला गुन्हेगार नवे नव्हते. पण इतकी शिसारी क्वचितच आली होती. "हाकला याला आधी."

"नाही," भाची म्हणाली. "तक्रार मी स्वतः करणार आहे. पण ते सभासद आहेत. त्यांचं एक मत आहे, माझ्यासारखंच. ते देऊनच जातील."

"अगं, या माणसाला मत?"

"हो. आणि मावशी, तू सभासद नाहीस. मतदान संपेपर्यंत जरा लांब उभी राहा."

मतपेटी म्हणून कुणीतरी घरून झाकणाचा डबा आणला. पायऱ्यांवरच रांग लागली. सर शेवटी उभे राहिले, मान खाली घालून. त्यांच्या पुढचा माणूस नाकाला बाही लावून दोन पावलं सरकला, पण रांग सोडली नाही.

मावशी रस्त्यापलीकडे जाऊन थांबली.