भूपात नी नसतो

गारगोटीच्या शाळेत मी संगीत शिकवते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हे मी कुणाजवळ काढत नाही.

फेब्रुवारीत आमच्याकडे वादनाची चाचणी असते. एकेका मुलानं आत यायचं, पेटीपुढं बसायचं आणि भूप रागातलं सरगमगीत वाजवून दाखवायचं. गेल्या वर्षी चाचणीच्या दुपारी मी खोली उघडून पेट्या पुसत होते. मुलं अजून जेवत होती. शाळेमागं गुऱ्हाळ चालू होतं, उकळत्या रसाचा गोड, जड वास खोलीत भरला होता. तेवढ्यात दारात चन्नम्मा येऊन उभ्या राहिल्या.

चन्नम्मा म्हणजे नववीतल्या भूमिकाची आई. भूमिका दिवाळीत डेंगीनं गेली होती.

"बाई, आज चाचणी हाय न्हवं? तिचं बी नाव घ्या की एकदा."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"तापात पडल्या पडल्या अंथरुणावर बोटं चालवायची ओ. चाचणी देऊ द्या मला, म्हणायची..." त्या खाली बघत म्हणाल्या. "आमच्या लिंगायतांत मांडी घालून बसवूनच मातीत ठेवत्यात. पेटीम्होरं बसायची, तशीच बसवलीया तिला..."

नाही म्हणणं मला जमलं नाही. मी दार लोटलं आणि नाव पुकारलं, "भूमिका सोमशेखर हिरेमठ."

चन्नम्मा पेटीपुढं बसल्या आणि डाव्या हातानं भाता हलवू लागल्या. उजव्या हातात पदर घट्ट धरलेला. त्यांना पेटी येत नाही. भाता कसा मारायचा, तेवढं लेकीकडं बघून कळलेलं.

आधी नुसती हवाच सूं सूं करत राहिली. मग सा लागला. वाटलं, पट्टी अडकली असेल. वाकून पाहिलं तर ती सावकाश वर आली, आणि रे दबला. मग ग. पट्ट्यांवर कुणाचाच हात नव्हता. गुऱ्हाळाचा वास कुठल्या कुठं गेला होता. खोलीत ओल्या मातीचा वास होता.

वर चढताना नी लागला. भूमिका नेहमी तिथंच चुकायची. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "भूपात नी नसतो, बाळा..."

सूर थांबला. मग पहिल्यापासून सुरुवात झाली, हळू, जपून. या वेळी नी टाळून ती वर गेली आणि नीट खाली आली.

"झाली पास?" चन्नम्मांनी विचारलं.

"झाली..."

"मग जाईल आता."

लेकराच्या पाठीवरनं फिरवावा तसा त्यांनी पेटीवरनं हात फिरवला आणि निघून गेल्या. डोळ्यांत टिपूस नव्हतं. रडले ती मी. मुलांना दुसऱ्या दिवशी या म्हणून सांगितलं. मनात आलं, सुटली पोर.

या फेब्रुवारीत मुलांची तयारी चालू असताना चन्नम्मा पुन्हा आल्या. निम्म्यानं वाळल्या होत्या.

"गेली न्हाय ओ ती. सपनात येती. म्हणती, पुढची चाचणी घ्याय सांग बाईंना..."

मी मुलांना मैदानात पाठवलं, दार लावलं, नाव पुकारलं. चन्नम्मांनी डोळे मिटून भाता हलवला.

पण जे वाजलं, ते मी शिकवलेलं नव्हतं. कुठं ऐकलेलंही नव्हतं. आधी खालच्या सप्तकातल्या पट्ट्या दबायच्या, जाड, जड हातानं दाबाव्यात तशा. मग तीच ओळ वरच्या पट्ट्यांवर यायची, शिकणाऱ्यानं मागून गिरवावी तशी, चाचरत, घाबरत.

चन्नम्मांनी डोळे उघडले. "हे तुमीच शिकिवलंय न्हवं, बाई?"

मी मान हलवली. नाही.

वर ती कुठंतरी चुकली. तशी खालची एक पट्टी दबली, आणि दबलेलीच राहिली. चन्नम्मांनी भाता कधीच सोडून दिला होता.

सूर थांबत नव्हता...